बेस गिटार पिकने वाजवावी की बोटांनी?

मंद्रसप्तक

नमस्कार. मी मूळचा गिटारवादक आहे आणि सध्या आमच्या हौशी वाद्यवृंदात बेस गिटारची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आमच्या कार्यक्रमांत सत्तरच्या दशकातली हिंदी चित्रपटगीते अधिक आणि इंग्रजी रॉक थोडे असते. हातात पिक (तार छेडायची छोटी, कडक चकती) धरण्याची सवय जुनीच असल्यामुळे बेसही मी पिकने वाजवू लागलो. आता ज्यांच्याकडे शिकवणी लावली आहे, ते सर पिकला हातही लावू देत नाहीत. त्यांच्या मते पिक ही गिटारवाल्याची कुबडी असून बेसवादक त्याच्या बोटांवरूनच ओळखला जातो. उलट आमचा ड्रमवादक म्हणतो की मी बोटांनी वाजवू लागलो की सभागृहात बेस नुसता घुमतो आणि स्वर कोणता लागला हे कळत नाही. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे कोणाचेच म्हणणे मला उडवून लावता येत नाही. जाणकारांना विचारतो, पिक सोडून द्यावे का? आणि सोडायचे असेल तर ते कशासाठी, आवाजासाठी, तंत्रासाठी की केवळ मानापानासाठी?

सुरावट_पुणे

तुमच्या सरांशी मी सहमत आहे. बोटाला तार थेट जाणवते, प्रत्येक स्वराचा जोर मनासारखा कमी-जास्त करता येतो आणि एका तारेवरून दुसरीवर जाताना अख्खा हात हलवावा लागत नाही. पिकने बेस वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या गळ्यात तो मारलेला असतो, कारण गटात गिटारवाले जास्त झालेले असतात. मग ते गिटारच वाजवत राहतात, फक्त जाड तारांवर.

तिरकी_सम

पॉल मॅकार्टनी यांच्याही गळ्यात बेस असाच पडला होता. तेव्हाचे बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ यांनी बीटल्स सोडल्यावर तो घ्यायला दुसरे कोणी तयार नव्हते. पुढेही ते बहुतांशी पिकनेच वाजवत राहिले आणि त्यांचे फारसे काही अडल्याचे ऐकिवात नाही.

मिशिगनकर

आमच्या गावापासून डेट्रॉइट जवळ आहे, त्यामुळे मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीचा जुना स्टुडिओ, म्हणजे आताचे संग्रहालय, पाहण्याचा योग आला आहे. तळघरवजा छोट्या खोलीत इतके वादक कसे मावत असतील, हा पहिला प्रश्न तिथे पडतो. याच खोलीत मोटाउनचे बेसवादक जेम्स जेमरसन वाजवत असत. ते मूळचे उभ्या डबल बासचे वादक होते, आणि बेस गिटारही ते उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने छेडत. त्या बोटाला ‘हुक’ असे नावच पडले होते. त्यांचे वाद्य म्हणजे फेंडर कंपनीचा १९६२ सालचा ‘प्रिसिजन’ बेस, त्यावर सपाट वेटोळ्यांच्या (बाहेरून गुळगुळीत) जाड तारा, आणि त्या बदलण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. तर्जनी आणि मधले बोट आलटून पालटून वापरायचे, हा आजच्या शिकवण्यांमधला पहिला धडा आहे. त्या धड्याच्या परीक्षेत जेमरसन नापास झाले असते.

आता दुसरे टोक पाहा. त्याच काळात लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के या जॅझ गिटारवादिकेने १९६३ मध्ये, ठरलेला बेसवादक ध्वनिमुद्रणाला आला नाही म्हणून, बेस हाती घेतला आणि त्या पिकनेच वाजवत राहिल्या. बीच बॉइज या गटासह असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांचा बेस आहे. तारा सपाट वेटोळ्यांच्या, त्यांवर आवाज दाबणारी नमद्याची पट्टी, आणि कडक पिक. काही मोटाउन गाण्यांवर नेमके कोण वाजले, याबद्दल त्यांच्या दाव्यांवरून जुना वाद आहे. त्यात कोण बरोबर, हा आपला विषय नाही. मला त्यातली गंमत वेगळी वाटते. पिक आणि बोट यांच्यातला फरक जाणत्या कानाला लख्ख कळतो असे असते, तर एका बाजूला तर्जनी आणि दुसऱ्या बाजूला पिक असलेला हा वाद गाणे ऐकूनच मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण तारा आणि आवाज दाबण्याची पद्धत यांचा परिणाम छेडण्याच्या साधनाइतकाच मोठा असतो.

आणखी एक तपशील सांगतो. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्यावर सर्वांत बारीक तारेच्या खालच्या बाजूला एक छोटी पट्टी बसवलेली असे. चार बोटांनी ती पट्टी धरायची आणि अंगठ्याने तार छेडायची, अशी मूळ कल्पना होती. म्हणजे वाद्य घडवणाऱ्याच्या मनात ना पिक होते ना दोन बोटे. अस्सल पद्धत कोणती, हा हट्टच धरायचा असेल तर सर्वांनी अंगठ्याने वाजवायला सुरुवात करावी लागेल.

सुरावट_पुणे

मिशिगनकर, माहिती उत्तम आहे, परंतु जेमरसन किंवा कॅरोल के यांच्यासारख्यांचे उदाहरण शिकाऊ माणसाला देणे मला धोक्याचे वाटते. त्यांनी जे साधले ते त्या पद्धतीमुळे साधले की तिच्या मर्यादा ओलांडून, हे आपण सांगू शकत नाही. प्रश्नकर्त्याला सर शिकवत आहेत, तर आधी तो पाया पक्का होऊ द्यावा.

तरंगलांबी

ड्रमवादकाची तक्रार शास्त्राच्या अंगाने खरी आहे, मात्र तिचा सगळा दोष बोटांवर टाकता येणार नाही. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड खुली तार साधारण ४१ हर्ट्झला बोलते. त्या मूळ कंपनाबरोबर ८२, १२४, १६५ अशा पटींतली उपकंपनेही निघतात, आणि स्वर ओळखताना आपला कान या उपकंपनांवर बराच विसंबून असतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही, तरीही बेसची ओळ आपल्याला कळते ती यामुळेच. पिकचे टोक अरुंद आणि कडक असते. ते तारेला टोकदार कोन देऊन एकदम सोडते, म्हणून वरची उपकंपने भरपूर निघतात. बोटाचे मऊ अग्र तारेच्या रुंद भागाला टेकलेले असते आणि तुलनेने सावकाश सुटते, त्यामुळे लहान तरंगलांबीची उपकंपने उमटतानाच दबतात. साठच्या दशकात गाणी छोट्या रेडिओवर ऐकली जात असताना पिकचा खणखणीतपणा ध्वनिमुद्रणात उपयोगी पडला असणार, असा माझा तर्क आहे.

परंतु तार कुठे छेडली, यानेही तितकाच फरक पडतो. तारेच्या लांबीच्या एक पंचमांश अंतरावर छेडले, तर मूळ कंपनाच्या पाचपट असलेले उपकंपन जवळजवळ निघतच नाही. जसजसे ब्रिजकडे (तारा जिथे टेकतात त्या घोडीकडे) सरकावे तसतशी वरची उपकंपने वाढतात आणि मूळ कंपनाचा जोर कमी होतो. ब्रिजजवळ बोटांनी छेडलेली तार ही गिटारच्या मानेपाशी पिकने छेडलेल्या तारेपेक्षा अधिक टणक ऐकू येऊ शकते. बेसवादक जॅको पास्टोरियस यांचा तो प्रसिद्ध नाकातून आल्यासारखा आवाज पूर्णपणे बोटांचाच होता, फक्त बोटे मागच्या पिकअपजवळ (तारेचे कंपन टिपणाऱ्या भागाजवळ) होती.

तेव्हा मंद्रसप्तक यांना विचारावेसे वाटते की बोटांनी वाजवताना तुमचा हात कुठे असतो आणि ॲम्पवरचे (ॲम्प्लिफायरवरचे) खर्जाचे बटण किती वर असते? घरात एकट्याने सराव करताना खर्ज वाढवलेला गोड वाटतो. सभागृहात तोच खर्ज भिंतींवरून परततो आणि ड्रमच्या मोठ्या ढोलात मिसळून जातो. खर्ज थोडा उतरवून मधल्या पट्ट्यातला आवाज वाढवा, मग बोटांचे स्वरही सुटे ऐकू येतील.

लोखंडी_कान

मेटल रॉकमध्ये पिकशिवाय गत्यंतर नाही, असे कोणी लिहिण्यापूर्वीच सांगून टाकतो की आयर्न मेडन गटाचे बेसवादक स्टीव्ह हॅरिस ती सगळी घोडदौड दोन बोटांनी करतात. मेटॅलिका गटाच्या बेसवादकांचे उदाहरण तर या धाग्यासाठीच घडल्यासारखे आहे. क्लिफ बर्टन बोटांनी वाजवत. १९८६ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाल्यावर आलेले जेसन न्यूस्टेड पिकने वाजवत आणि २००३ मध्ये आलेले रॉबर्ट त्रुहियो पुन्हा बोटांनी वाजवतात. गट तोच, बरीचशी गाणीही तीच, आणि उजवे हात तीन तऱ्हांचे. श्रोत्यांनी वाद घातले ते इतर शंभर गोष्टींवरून.

मी स्वतः पिकवाला आहे आणि त्याचे कारण वेग हे मुळीच नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेला चार स्वर धरले तर सेकंदाला आठ स्वर होतात, आणि तेवढे दोन सरावलेली बोटे आरामात वाजवतात. मला पिक हवे असते ते सगळे आघात खालच्या दिशेने करण्यासाठी. रमोन्स या पंक गटाचे बेसवादक डी डी रमोन यांचे वादन ऐका. खाली-वर असे आलटून पालटून मारले की वरचा आघात थोडा हलका पडतो आणि ओळीला हेलकावा येतो. सगळे आघात खालीच केले की प्रत्येक स्वर सारख्याच वजनाने पडतो आणि गाण्याला एक हट्टी रेटा मिळतो. बोटांनी हा रेटा आणता येईल, पण हुबेहूब तसा येणार नाही.

तिरकी_सम

त्या हट्टी रेट्याची खालच्या मजल्यावरच्या आजोबांनाही चांगली ओळख झाली असेल.

लोखंडी_कान

आजोबांची तक्रार ड्रमवादकाविरुद्ध आहे. बेस वाजतो आहे हे नेहमीप्रमाणे कोणाच्या लक्षातच आलेले नाही.

बार्देशकार

आमच्याकडे गोव्यात लग्नसमारंभांत बेसवादकाला संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत उभे राहावे लागते. वॉल्ट्झ या तीन मात्रांच्या नाचापासून मांडो या गोव्याच्या गीतप्रकारापर्यंत आणि जुन्या हिंदी गाण्यांपासून रॉक-अँड-रोलपर्यंत एकाच हाताने सगळे काढायचे असते. तिथे या प्रश्नाकडे कोणी तत्त्व म्हणून पाहत नाही. वॉल्ट्झमध्ये पहिल्या मात्रेला एकच गोल स्वर ठेवायचा असतो, तो अंगठ्याच्या बाजूने किंवा बोटाने बरा लागतो. पुढच्याच गाण्यात नाचणाऱ्यांना ठेका स्पष्ट ऐकू यायला हवा असतो, तेव्हा पिक निघते. वापरात नसताना ते मधल्या बोटाच्या बेचक्यात दुमडून ठेवायचे आणि तर्जनी व अंगठा मोकळा ठेवायचा, ही युक्ती शिकायला वेळ लागतो, पण ती आली की खिशात हात घालावा लागत नाही.

पावसाळी दमट हवेत घामेजलेल्या बोटांत गुळगुळीत पिक फिरते, म्हणून खरखरीत पृष्ठभागाचे घ्यावे. फार लवचीक पिक बेसच्या तारेवर नुसते वाकते आणि टक् असा कोरडा आवाज तेवढा देते. मी १ मिलिमीटरच्या आसपासचे वापरतो. आणि हेही सांगून ठेवतो की टोकानेच वाजवले पाहिजे असे नाही. पिक फिरवून त्याच्या गोल खांद्याने तार छेडली की आवाज इतका भरदार होतो की डोळे मिटून ऐकणारा बोटेच समजेल.

सुरावट_पुणे

बार्देशकार यांचा व्यवहारी दृष्टिकोन पटला, तरी एक अडचण कोणीच मांडलेली नाही. बेसमध्ये स्वर वाजवण्याइतकेच तो वेळेवर थांबवणेही महत्त्वाचे असते. बोटांनी वाजवताना अंगठा वरच्या जाड तारेवर टेकलेला असतो आणि छेडणारे बोट तार सोडून शेजारच्या तारेवर विसावते, त्यामुळे न वाजणाऱ्या तारा आपोआप दबून राहतात. पिक धरलेला हात हवेत असतो. मग मोकळ्या तारा सहकंपनाने गुणगुणू लागतात आणि सभागृहात जो गोंगाट होतो त्याला पुन्हा घुमणे हेच नाव मिळते. तेव्हा पिकमुळे स्पष्टता येते हे विधान अर्धेच खरे आहे.

बार्देशकार

तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर हलकी टेकवली की उजव्या हाताचे काम भागते, आणि उरलेल्या तारा डाव्या हाताच्या आडव्या पडलेल्या बोटांनी दाबायच्या असतात. हे वेगळे शिकावे लागते, एवढे मात्र मान्य. तोवर ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा कोरा तुकडा सरकवून पाहा. फेंडरच्या जुन्या बेसवर ब्रिजच्या झाकणाखाली असाच फोमचा तुकडा कारखान्यातूनच लावून येत असे. सत्तरच्या दशकातल्या गाण्यांना तो ठसठशीत, लवकर विझणारा स्वर शोभूनही दिसतो.

पंचम_षड्ज

मी बेस वाजवत नाही, सतार वाजवतो, परंतु चर्चा वाचून राहवले नाही. आपल्याकडे हा प्रश्न वेगवेगळ्या वाद्यांनी वेगवेगळा सोडवला आहे. सतारीला तारेची नखी, सरोदला नारळाच्या करवंटीपासून केलेला जवा, आणि तानपुऱ्याला नुसती बोटे. रुद्रवीणेला साधारणपणे नखी वापरतात, पण पनवेलजवळ पळस्पे येथे ज्यांचे गुरुकुल होते, ते उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर ती नखीशिवाय छेडत. त्यांच्या विलंबित आलापात सुरुवातीचा आघात जवळजवळ जाणवतच नाही, स्वर आतून उगवल्यासारखा येतो. नखी लावणारे वीणावादक कमी प्रतीचे, असे मात्र कोणी म्हणत नाही. ज्याला स्वराचा आरंभ टोकदार हवा त्याने कठीण वस्तू घ्यावी आणि ज्याला तो हवा नसेल त्याने घेऊ नये, इतके ते साधे आहे.

सुरावट_पुणे

उदाहरण सुंदर आहे, पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. त्या घराण्यात आधी वर्षानुवर्षे तालीम झाली आणि मग आवाजाची निवड झाली. सवयीने पिक धरणे ही निवड नव्हे.

लोखंडी_कान

मग सरांनी सक्ती केली म्हणून बोटे वापरणे ही तरी निवड कशी?

शिकवणारी_ताई

मी मुलांना बेस शिकवते, म्हणून शिक्षकाच्या बाजूने थोडे लिहिते. गिटारवरून आलेल्या विद्यार्थ्याला पिक दिले की तो स्वर वाढवत सुटतो आणि गाणे भरून टाकतो. हातातून पिक काढले की त्याला सावकाश जावे लागते, आणि नाइलाजाने का होईना, तो ड्रमकडे कान देऊ लागतो. तुमच्या सरांचा आग्रह कदाचित याच कारणासाठी असेल, शब्द मात्र त्यांनी कठोर वापरले. त्यांना एकदा स्पष्ट विचारा की ही बंदी कायमची आहे की काही काळापुरती. माझ्या वर्गात ती काही काळापुरतीच असते. नंतर एकच ओळ दोन्ही प्रकारे बसवून घेते, कारण बाहेर व्यावसायिक काम करताना कोणी तत्त्व विचारत नाही. अँथनी जॅक्सन यांच्यासारखा बोटांवर हुकमत असलेला वादकही १९७३ मध्ये ओजेज या गायकगटाच्या ध्वनिमुद्रणात गाण्याची गरज म्हणून पिक घेऊनच वाजला होता.

मनगट

एक सूचना आरोग्याच्या दृष्टीने करतो. पट्टा फार आखूड केल्यास बोटांनी वाजवताना उजवे मनगट जवळजवळ काटकोनात वाकते, तर पिकवाले घट्ट चिमटीमुळे अंगठ्याचा सांधा आणि कोपराखालचे स्नायू दुखवून घेतात. दोन्हींवर उपाय सारखाच आहे. मनगट सरळ राहील इतकी वाद्याची उंची ठेवा, ॲम्पचा आवाज वाढवा आणि हाताचा जोर कमी करा. मुंग्या किंवा बधिरपणा जाणवत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सुचवल्याप्रमाणे सरांना विचारले. बंदी परीक्षेपर्यंत आहे, म्हणजे बोटांनी तीन स्वरसप्तके समान जोराने वाजेपर्यंत, आणि त्यानंतर पिक आणायला त्यांची हरकत नाही. कुबडी हा शब्द मात्र त्यांनी मागे घेतलेला नाही. तरंगलांबी यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की माझा हात मानेच्या अगदी टोकाशी असायचा आणि खर्जाचे बटण जवळजवळ पूर्ण वर होते. तालमीत हात मागच्या पिकअपकडे नेला, खर्ज मध्यावर आणला आणि तारांखाली स्पंज घातला, तेव्हा ड्रमवादकाने बोटांच्या वादनाला प्रथमच मान डोलावली. रॉकची दोन गाणी मात्र बोटांनी वाजवल्यावर पडल्यासारखी वाटतात, तिथे लोखंडी_कान म्हणतात तो रेटा हवाच आहे. शिकवणीत बोटे आणि त्या दोन गाण्यांत पिक, असे करायचे ठरवले आहे. शंका एकच आहे. एकाच कार्यक्रमात बोटांवरून पिकवर गेल्यावर आवाज एकदम मोठा होतो, त्याचे काय करावे?

तरंगलांबी

साउंड चेकच्या वेळी दोन्ही प्रकारे वाजवून दाखवा आणि ध्वनिसंयोजकाला आधीच सांगून ठेवा. अन्यथा पिकचा पहिला आघात ऐकताच तो घाईने तुमचा आवाज उतरवेल आणि पुढच्या बोटांच्या गाण्यात तो परत वर न्यायला विसरेल. कंप्रेसर पेडल असेल तर ते जोरदार आघात थोडे आवरते. नसेल तर पिकच्या गाण्यांपुरते वाद्यावरचे आवाजाचे बटण किंचित मागे घ्या. किती मागे, ते तालमीतच ठरवा आणि बटणावर पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवा, कारण मंचावरच्या अंधारात अंदाज चुकतो.

तिरकी_सम

आणि ती खूण सरांना दिसणार नाही अशा बाजूला करा.

बार्देशकार

त्या दोन गाण्यांचा क्रम लागोपाठ लावून घ्या, म्हणजे अदलाबदल एकदाच करावी लागेल. सुटी पिके माइकच्या स्टँडला अडकवून ठेवा. पहिले पिक हमखास गाणे रंगात आल्यावरच पडते.